बैठकीची तारीख सांगा: मणिपूरच्या वाटाघाटी करणाऱ्यांना नागपुरातून एक खुलं पत्र

नागपूर, नोव्हेंबर २०२५

प्रति,
केंद्रीय गृह मंत्रालयातले संबंधित अधिकारी,
मणिपूरचं राज्यपाल कार्यालय,
आणि मैतेई व कुकी-झो समाजाच्या नावानं बोलणाऱ्या सगळ्या संघटनांचे पदाधिकारी

स.न.वि.वि.

हे पत्र नेमकं कोणाला लिहायचं हेच आधी कळत नव्हतं. दिल्लीवाले म्हणतात दोन्ही समाजांनी पुढे यावं, इंफाळवाले म्हणतात केंद्रानं काय ते ठरवावं, चुराचांदपूरचे कुकी-झो म्हणतात आधी आमच्या मागणीचं बोला मग बाकीचं. म्हणून तिघांनाही एकत्रच लिहून राहिली आहे. निदान या कागदावर तरी तुम्ही एका खाली एक आले.

मी नागपूरची. हिंगणा टी-पॉइंटकडे माझं झेरॉक्स अन् स्टेशनरीचं छोटंसं दुकान आहे. आमचे हे केंद्रीय निमलष्करी दलात आहेत. कोणतं दल, कोणती बटालियन ते लिहीत नाही, कारण त्यांनी मला हे लिहायला सांगितलेलं नाही आणि वाचलं तर बहुतेक चिडतीलच. त्यांची कंपनी मणिपुरात आहे, इंफाळ खोऱ्यातली मैतेई गावं अन् डोंगरातली कुकी गावं यांच्या मधल्या पट्ट्यात, ज्याला पेपरवाले बफर झोन म्हणतात. तुमच्या दोघांच्या भांडणात माझा संबंध काय असं कोणी विचारलं तर एवढाच, की तुम्ही दोघं एकमेकांशी बोलत नाही तोवर आमचे हे तिथून हलत नाहीत.

दुकानात येणारे ओळखीचे लोक विचारतात, काय वहिनी, तिकडे तर शांत झालं ना आता? त्यांची चूक नाही. टीव्हीवर दिसत नाही म्हणजे शांत झालं असंच आपण समजतो. मी हो म्हणते अन् झेरॉक्स काढून देते, दर वेळी कोणाकोणाला समजावत बसणार. पण या महिन्यात परत तेच वाचलं की एका बाजूच्या लोकांशी दिल्लीत बोलणं झालं, दुसऱ्या बाजूशी वेगळं होईल, अन् तेव्हा डोकं फिरलं. अडीच वर्षं झाली हो. अजून वेगवेगळंच?

इथल्या वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते, तुम्हाला तर सगळं पाठ आहे. मार्च २०२३ मध्ये मणिपूर हायकोर्टानं राज्य सरकारला सांगितलं की मैतेई समाजाला अनुसूचित जमातीत घ्यायच्या शिफारशीवर विचार करा. ३ मे २०२३ ला त्याच्या विरोधात डोंगरी जिल्ह्यांत आदिवासींचे मोर्चे निघाले आणि त्याच दिवशी चुराचांदपूर-बिष्णुपूरच्या हद्दीवर जाळपोळ सुरू झाली ती राज्यभर पसरली. हायकोर्टानं आपल्या आदेशातला तो परिच्छेद फेब्रुवारी २०२४ मध्ये स्वतःच काढून टाकला, पण तोवर घरं जळून गेली होती. अर्थात एका आदेशानं एवढं होत नसतं. डोंगरातली जमीन कोणाची, जंगलातून कोणाला उठवायचं, म्यानमारकडून कोण येऊन राहिलं, ६० आमदारांपैकी ४० खोऱ्यातले अन् २० डोंगरातले का, हे सगळं आधीपासून साचलेलं. २५० च्या वर माणसं गेली. साठेक हजार लोक बेघर झाले. अन् हे ज्या राज्यात झालं त्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साडेअठ्ठावीस लाख होती, म्हणजे आपल्या नागपूर शहरापेक्षा थोडीशीच जास्त.

इंफाळ ते चुराचांदपूर साठ-पासष्ट किलोमीटर. म्हणजे नागपूर ते भंडारा समजा. आता विचार करा, भंडाऱ्याच्या पेशंटला मेडिकलला आणायचं आहे अन् मौद्याजवळ रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बंकर आहेत, आडनाव विचारतात, आणि त्या आडनावाचा माणूस पुढे गेला तर परत येईलच याची गॅरंटी कोणी देत नाही. मग तो पेशंट काय करतो? तो उलट्या दिशेनं निघतो. चुराचांदपूरचा माणूस इंफाळच्या रिम्स हॉस्पिटलला जात नाही, तो घाटाघाटातून रात्रभर गाडीत बसून मिझोरामला ऐझॉलला जातो. इंफाळचा मैतेई माणूस कुकी भागातल्या कांगपोक्पीवरून नागालँडच्या दिमापूरला रस्त्यानं जाऊ शकत नाही, त्याला विमानाचं तिकीट काढावं लागतं, मग परवडो नाहीतर न परवडो. दोन्हीकडचा माल नेतात ते मैतेई पांगल म्हणजे तिथले मुसलमान ड्रायव्हर नाहीतर नागा ड्रायव्हर, कारण त्यांना दोन्ही बाजू जाऊ देतात. आमचे हे म्हणतात, नाक्यावर कागद तर आम्ही तपासतो, पण खरं तपासणं चेहऱ्याचं असते.

आता माझ्या तक्रारी.

पहिली सरकारला. तुम्ही लोकांना एका टेबलाशी बसवतच नाही. जून २०२३ मध्ये तेव्हाच्या राज्यपालांच्या अध्यक्षतेखाली ५१ जणांची शांतता समिती केली. अनुसुईया उइके, आपल्या शेजारच्या छिंदवाड्याच्या, म्हणून मी ती बातमी जरा जास्तच आशेनं वाचली होती. पण समितीत कोण कोण घेतलं यावरूनच भांडण, कुकी लोक म्हणाले मुख्यमंत्री आहेत त्यात, आम्ही नाही येत, खोऱ्यातल्या मोठ्या संघटनेनंही अंग काढून घेतलं, अन् समिती कागदावरच राहिली. मग ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्लीत आमदारांना बोलावलं. मग ५ एप्रिल २०२५ ला गृह मंत्रालयानं पहिल्यांदा दोन्ही समाजांच्या संघटनांना समोरासमोर बसवलं. पहिल्यांदा! भांडण मे २०२३ चं अन् पहिली समोरासमोर बैठक एप्रिल २०२५ ला. त्या दिवशी सहमतीच्या मुद्द्यांचा एक कच्चा मसुदा निघाला, त्यावर एका बाजूनं सही केली नाही, ठीक आहे, पहिल्या बैठकीत कोण सही करते? साधा प्लॉटचा सौदा असला तरी चार चकरा होतात. पण दुसरी बैठक कुठे आहे? त्यानंतर वाचते ते सगळं सुटं सुटं. आज हे येऊन गेले, पुढच्या महिन्यात ते जातील. सप्टेंबर २०२५ मध्ये हत्यारबंद कुकी गटांशी २००८ पासूनचा शस्त्रसंधीचा करार नव्यानं केला, नॅशनल हायवे २ मोकळा होणार अशी मोठी बातमी आली, आणि पाठोपाठ खुलासे सुरू झाले की मोकळा म्हणजे तसा मोकळा नाही, मैतेई लोकांनी यावं असं आम्ही म्हटलेलं नाही. ज्या रस्त्यावरून दोघांना जायचं आहे त्या रस्त्याचं तुम्ही एकाशीच बोलले तर दुसरं काय होणार होतं?

दुसरी तक्रार त्या पट्ट्याची, अन् ही जरा सविस्तर सांगते कारण हे कोणत्याच बातमीत येत नाही.

आमचे हे मूळचे साकोलीकडचे, धानाचं घर आहे. त्यामुळे मणिपुरात गेल्यावर फोनवर पहिलं काय सांगितलं तर इथे पण बांध्या आहेत आपल्यासारख्या. खोऱ्याच्या कडेला जिथे डोंगर सुरू होतो तिथवर धान आहे, अन् नेमका तिथेच हा पट्टा आहे. म्हणजे शेतकऱ्याचं घर एका बाजूला अन् शेत पट्ट्यात. रोवणीच्या वेळेस अन् कापणीच्या वेळेस फोर्सच्या बंदोबस्तात लोकांना शेतात नेतात. या पावसाळ्यात यांची ड्यूटी तशा एका ठिकाणी होती. एक म्हातारा अन् त्याची सून, दोघंच. पऱ्हे म्हणजे धानाची रोपं टाकून ठेवलेली, रोवणी करायची, पण परवानगी यायला उशीर झाला, कधी वर कुठेतरी गोळीबार झाला म्हणून रद्द, कधी साहेब नाही म्हणून रद्द, अन् तोवर पऱ्हे पिवळे पडले, गाठी धरल्या. आमचे हे धानाच्या घरचे, त्यांनी लांबूनच पाहून ओळखलं की यातून काही निघणार नाही. तरी त्या सुनेनं चिखलात उतरून दिवसभर रोवलं. हे हेल्मेट घालून बांधावर उभे, तोंड डोंगराकडे. वर डोंगरातही माणसं होती, तीही यांच्याकडेच बघत. संध्याकाळी फोन आला तेव्हा मला म्हणाले, अर्धा एकर रोवायला बावीस बंदुका लागल्या. मग म्हणाले, अन् वरच्या गावात तर तेवढीही सोय नाही, त्यांचा खाली उतरायचा बाजारच बंद आहे, ते पिकवतात ते विकणार कोणाला.

मला सांगा, त्या दोन गावांचे चार-चार माणसं, एक तहसीलदार नाहीतर एसडीओ, अन् फोर्सचा एक ऑफिसर, एवढे लोक मे महिन्यात एकत्र बसून रोवणीचं वेळापत्रक ठरवू शकत नव्हते? की यालाही कुकी मागतात ते स्वतंत्र प्रशासन अन् मैतेई म्हणतात ते अखंड मणिपूर यांचा निकाल लागेपर्यंत थांबायचं? पाऊस थांबत नाही ना.

बफर झोन सुरुवातीला तोडगा म्हणून आला होता, मारामारी थांबवायला, तात्पुरता. मान्य आहे, त्यानं जीव वाचले असतील. पण आता तिथे टिनाच्या शेडच्या जागी पक्के शेड होऊन राहिले, रजिस्टरची नवीन बाइंडिंग होऊन राहिली. मला या पक्क्या शेडची भीती वाटते. एकदा का सगळ्यांना त्याची सवय झाली, दिल्लीला वाटलं आकडे तर कमी झाले, तर मग बैठक घ्यायची घाई कोणाला आहे. घाई त्या म्हाताऱ्याला अन् मला.

तिसरी तक्रार कॅम्पांची. जुलैमध्ये मणिपूरच्या मुख्य सचिवांनी जाहीर केलं होतं की डिसेंबर २०२५ पर्यंत टप्प्याटप्प्यानं सगळे रिलीफ कॅम्प बंद करू, लोक घरी जातील, ज्यांना जाताच येणार नाही त्यांच्यासाठी प्रीफॅब घरं बांधू. डिसेंबर आता तोंडावर आला. ज्याचं घर त्याच्याच समाजाच्या भागात होतं तो गेला असेल. पण इंफाळमध्ये घर असलेला कुकी अन् चुराचांदपूर-मोरेहमध्ये घर असलेला मैतेई, तो कुठे जाणार? शेजाऱ्याशी बोलणं झालेलं नाही, पोलिसावर विश्वास नाही, अन् तुम्ही कॅम्पची तारीख ठरवता. कॅम्प बंद करायची तारीख तुमच्याकडे आहे, बैठकीची नाही.

चौथी तक्रार दोन्हीकडच्या संघटनांना आहे, सरकारला शिव्या देऊन तुमचं सुटत नाही. मी कोणाची बाजू घेत नाहीये. मैतेई म्हणतात राज्याचे तुकडे होऊ देणार नाही, बाहेरून आलेले शोधून काढा. कुकी-झो म्हणतात आता यांच्यासोबत राहणं शक्य नाही, आम्हाला विधानसभेसह केंद्रशासित प्रदेश द्या. दोन्ही मागण्यांमागे मेलेली माणसं आहेत, मी नागपुरात बसून त्यावर काय बोलू? पण बोलायच्या आधीच तुम्ही अटी टाकता. आधी हत्यारं टाका मग बोलू, आधी स्वतंत्र प्रशासन मान्य करा मग बोलू, आधी रस्ता मोकळा करा, आधी यांना बाहेरचे म्हणणं बंद करा. ज्या गोष्टी बोलून मिळवायच्या त्याच बोलायच्या आधी मागता. आणि तुमच्यातला कोणी बोलायला गेलाच तर त्याला फितूर ठरवायला तुमचेच लोक तयार. जिरीबामचं आठवते का? १ ऑगस्ट २०२४ ला तिथल्या मैतेई अन् ह्मार (कुकी-झोंपैकीच एक जमात) लोकांनी बसून समझोता केला, जाळपोळ थांबवू, सगळं सुरळीत करू. मोठे नेते नाहीत, जिल्ह्यातलेच लोक. दुसऱ्याच रात्री तिथे एक रिकामं घर पेटवलं अन् गोळ्या झाडल्या. मग नोव्हेंबरमध्ये त्याच जिरीबाममध्ये काय झालं ते लिहवत नाही, दोन्हीकडच्या बाया मारल्या गेल्या, लेकरंसुद्धा. तो समझोता टिकवायला ऑगस्टमध्ये दोन्ही बाजूंचा एक तरी बडा नेता जिरीबामला जाऊन राहिला असता तर? गेला नाही कोणी.

बायांवरून एक सांगते. दोन्हीकडच्या बाया रस्त्यावर असतात, खोऱ्यात मैरा पाइबी म्हणजे मैतेई बायांचे गट मशाली घेऊन, डोंगरात कुकी बाया काळे कपडे घालून. फोर्सच्या गाड्या अडवतात. यांच्याही अडवल्या आहेत, दोन्हीकडच्यांनी. एका बाजूला आसाम रायफल्स नको, दुसऱ्या बाजूला राज्याचे पोलीस नको, अन् जे कोणाचेच नाहीत ते दोघांनाही नको. मला त्या बायांचा राग येत नाही, माझं घर जळलं असतं तर मीही आडवी पडली असती गाडीसमोर. पण मला एक विचारायचं आहे त्यांना अन् त्यांच्या नेत्यांनाही, दिल्लीतल्या टेबलाशी जातात त्या याद्यांमध्ये या बायांपैकी किती असतात? गाडी अडवायला बाया अन् बोलायला पुरुष, हे कोणी ठरवलं?

आता नागपूरचं. आम्हाला काय कळते दोन समाजांचं भांडण म्हणजे, असं तिकडे कोणाला वाटेल. माझं माहेर महालात आहे. १७ मार्च २०२५ ला आमच्या महालात, हंसापुरीत काय झालं ते सगळ्या देशानं पाहिलं. औरंगजेबाच्या कबरीवरून सुरू झालं, दगड, गाड्या पेटल्या, अन् शहरातल्या ११ पोलीस ठाण्यांच्या हद्दीत कर्फ्यू. तो पूर्ण उठला २३ तारखेला. आईची बीपीची गोळी संपली तर भाऊ गल्लीच्या तोंडावर जाऊन पोलिसाच्या हातापाया पडून आला, दूध नाही, दुकानं बंद, अन् सगळ्यात वाईट म्हणजे समोरच्या ज्या घरी वर्षानुवर्षं शिरखुर्म्याचा डबा येतो त्या घराकडे बघायचं की नाही हे कळेना. एका आठवड्यातच आम्ही कावून गेलो होतो. मग शांतता समितीच्या मीटिंगा झाल्या, चहा, बिस्किटं, दोन्हीकडचे लोक एकमेकांकडे न बघता बसलेले. मनं काही जुळली नाहीत लगेच, अजूनही नाहीत पूर्ण, भाऊ तर अजून नाव काढलं की भडकते. पण बसले होते. एकाच खोलीत, दोघंही.

आणि त्याच आठवड्यात, २२ मार्चला, सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती मणिपूरला गेले. सगळ्यांच्या पुढे होते भूषण गवई, आपले अमरावतीचे, नागपूर खंडपीठात वर्षानुवर्षं वकिली केलेले, नंतर सरन्यायाधीश झाले. ते चुराचांदपूरच्या कॅम्पात गेले, लोकांशी बोलले. पण त्यांच्यासोबतचे न्यायमूर्ती कोटीश्वर सिंग चुराचांदपूरला गेले नाहीत, ते अलीकडे बिष्णुपूरलाच थांबले, कारण ते मैतेई आहेत अन् तिथल्या वकिलांच्या संघटनेनं आधीच सांगितलं होतं की त्यांनी येऊ नये. देशाच्या सर्वात मोठ्या कोर्टाचा न्यायाधीश, मणिपूरमधून सुप्रीम कोर्टात पोचलेला पहिला माणूस, स्वतःच्या राज्यात ती रेघ ओलांडू शकला नाही. मी ती बातमी दुकानात बसून वाचली, इकडे माहेरी कर्फ्यू, अन् यांना फोन लावला की तुमच्या त्या नाक्यावरून जज पण जाऊ शकत नाही का हो. ते म्हणाले जज काय अन् जावई काय, आडनाव पाहावं लागते.

१३ सप्टेंबरला पंतप्रधान गेले. हिंसा सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच. पाऊस होता म्हणून हेलिकॉप्टर उडालं नाही, तर इंफाळवरून चुराचांदपूरला रस्त्यानं गेले. चुराचांदपूरला ७,३०० कोटींच्या कामांचं भूमिपूजन, इंफाळला १,२०० कोटींचं उद्घाटन. कामं होऊ द्या, चांगलंच आहे. पण ज्या रस्त्यानं ते गेले त्याच रस्त्यानं दुसऱ्या दिवशी इंफाळची एखादी मैतेई बाई, अन् परतीच्या वाटेनं चुराचांदपूरचा एखादा कुकी पोरगा जाऊ शकला का? एका दिवसाचा बंदोबस्त झाला, पण रस्ता मोकळा नाही झाला. दोन्हीकडे वेगवेगळ्या सभा झाल्या, दोन्ही बाजूंचे पाच-पाच लोक एका खोलीत बोलावून चहा पाजता आला असता तेव्हा. एवढी मोठी संधी परत कधी येते?

कोणी मला म्हणेल की ही बाई राजकारण करून राहिली. अहो, आमच्या इथे रेशीमबागेतच १० जून २०२४ ला सरसंघचालक बोलले होते की मणिपूर वर्षभरापासून शांततेची वाट बघत आहे, तिकडे प्राधान्यानं लक्ष द्यायला पाहिजे. तेव्हा सगळे चॅनल दाखवून राहिले होते. मी तर त्याहून वेगळं काही म्हणत नाहीये. फक्त त्यालाही जवळपास दीड वर्ष झालं एवढं जोडते.

राष्ट्रपती राजवट आहे फेब्रुवारीपासून, ऑगस्टमध्ये सहा महिन्यांसाठी वाढवली. म्हणजे आता मुख्यमंत्री आमचा की त्यांचा हेही कारण उरलेलं नाही. राज्यपाल अजय कुमार भल्ला आधी केंद्रीय गृह सचिव होते, म्हणजे फाइल कुठे अडते हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार. लुटलेली हत्यारं परत करा म्हणून फेब्रुवारीत त्यांनी आवाहन केलं तेव्हा हजारेक आली, लुटली गेली होती सहाएक हजार. पण आली ना काही. म्हणजे नीट सांगितलं, मुदत दिली, तर लोक ऐकतात थोडंफार. आठ मार्चपासून सगळे रस्ते मोकळे असं मात्र तुम्ही कोणाशी न बोलता एकदम जाहीर केलं, त्या दिवशी बस सोडली, कांगपोक्पीला दगडफेक, गोळीबार, एक माणूस गेला, अन् परत सगळं जागच्या जागी. हे आधी दोघांना बसवून ठरवलं असतं तर कदाचित पहिली बस महिनाभर उशिरा निघाली असती, पण पोचली असती.

मागण्या सांगते, अवघड काही मागत नाही.

दोन्ही समाजांची एकत्र बैठक, तारखेसह जाहीर करा. दर महिन्याला एक. निकाल लागो न लागो, बैठक होणार म्हणजे होणार, कोणी उठून गेलं तरी पुढच्या महिन्याची तारीख तीच राहणार. बैठकीत कोण होतं, काय ठरलं, काय नाही ठरलं, हे एका पानावर दोघांच्या भाषांमध्ये छापा, नाहीतर बाहेर येऊन प्रत्येक जण वेगळंच सांगते.

मोठा प्रश्न, म्हणजे वेगळं प्रशासन की अखंड राज्य, त्याचं टेबल वेगळं ठेवा. त्याला वर्षं लागणार आहेत, लागू द्या. पण ॲम्ब्युलन्स, रोवणी-कापणी, पोरांच्या परीक्षा, बेपत्ता माणसांचा शोध, ट्रकला रस्ता, यासाठी दुसरं टेबल लगेच मांडा, अन् मोठं टेबल मोडलं म्हणून हे छोटं मोडायचं नाही, हे दोघांकडून लिहून घ्या.

पट्ट्याला लागून असलेल्या गावांच्या जोड्या लावा, वरचं एक, खालचं एक. त्यांचे चार-चार लोक, त्यात निम्म्या बाया. उन्हाळ्याच्या आत त्यांची पहिली भेट झाली पाहिजे, म्हणजे २०२६ ची रोवणी तरी वेळेवर होईल.

कॅम्प बंद करायच्या आधी प्रत्येक कुटुंबाला विचारा, त्यांचं घर कुठे होतं, परत जायचं आहे का, अन् कोणत्या अटीवर. ज्याला जायचं आहे पण जाता येत नाही, त्याचं नाव बैठकीत घ्या. प्रीफॅब घर दिलं म्हणून तो विषय मिटला असं समजू नका, अन् त्याच्या जुन्या जागेवर कोणी बसलं असेल तर ते आताच थांबवा, नंतर ते भांडण आणखी वेगळं होईल.

दोन्हीकडचे बंकर एकाच दिवशी, एकाच वेळी, दोन्ही बाजूंचे लोक बघत असताना काढा. आधी यांचे मग त्यांचे असं केलं की झालंच.

संघटनांना एकच. तुमच्यातला जो पलीकडच्याशी बोलायला जाईल त्याच्या केसालाही धक्का लागणार नाही हे तुम्ही जाहीरपणे सांगा, पत्रक काढून, सही करून. सरकारनं तुम्हाला बोलवायची वाट बघू नका, तुम्हाला एकमेकांचे फोन नंबर माहीत आहेत, तुम्ही एका कॉलेजात शिकले आहात, हे आम्हालाही कळते.

आणि शेवटचं गृह मंत्रालयाला, हे माझ्या घरचं आहे म्हणून राहवत नाही. फोर्स किती दिवस अन् कशासाठी तिथे आहे हे लिहून सांगा. माझ्या नवऱ्याला परत पाठवा असं मी म्हणत नाही, ड्यूटी आहे, करतील ते. माझी पोरगी दहावीला आहे, बाबा परीक्षेला असतील का विचारते, मी म्हणते बघू. पण उद्या आमचे हे आले तर त्यांच्या जागी दुसरीचा नवरा जाईल, साताऱ्याचा नाहीतर बिहारचा, अन् तीही असंच बघू म्हणेल. २०२४ च्या एप्रिलमध्ये बिष्णुपूरला, जुलैमध्ये जिरीबामला, यंदा सप्टेंबरमध्ये नांबोलला जवान गेले. तुमची पुढची बैठक जेवढी लांबेल तेवढी ही यादी वाढायची शक्यता आहे, एवढं तरी फाइलवर लिहून ठेवा.

पत्राला उत्तर आलंच पाहिजे असं नाही. जानेवारीत दोन्ही समाजांची एकत्र बैठक अमुक तारखेला, अमुक ठिकाणी, एवढी दोन ओळींची बातमी पेपरात आली तरी मी समजेन.

आपली,
एका जवानाची बायको,
हिंगणा रोड, नागपूर